निरसं दूध, आणि जर्सीनं टाकलेला गाभ

डॉक्टरताई, नमस्कार.

मी तेवीस वर्षांची. करवीर तालुक्यातल्या एका गावात मला दिलंय. पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना चालू आहे. सासरी तीन म्हशी आणि एक जर्सी गाय. पहाटे सासूबाई धारेला बसल्या की पहिला पेला माझा. फेसासकट, गरम, तिथंच गोठ्याच्या दारात उभं राहून प्यायचा. आजेसासूबाई म्हणतात, धारोष्ण दुधानं पोर हाडापेरानं मजबूत होतं, त्यांची सहा बाळंतपणं यावरच झाली. ह्यांचं म्हणणं, घरची म्हैस, पाण्याचा थेंब नाही, डेअरीत फॅट साडेसात लागते, याहून चांगलं दूध कुठलं? पुण्याच्या नणंदबाई परदेशी बायकांचे कच्चं दूध पितानाचे व्हिडिओ पाठवतात. माझ्या माहेरी इचलकरंजीला पिशवीचं दूधसुद्धा उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. फोनवर वाचलं की दोन जीवांच्या बाईनं निरसं दूध पिऊ नये, तेव्हापासून झोप नाही. अडीच महिने रोज पीत आलेय. बाळाला काही झालं असेल का? आता नको म्हटलं तर घरात काय वाटेल? दवाखान्यात विचारायचा धीर होत नाही.

जर्सीचं दूध मला देत नाहीत. तिनं दोन महिन्यांमागं गाभ टाकला, सातवा चालू होता. त्या दिवशी घरात बाप्यामाणूस नव्हतं, मी आणि सासूबाईंनीच सगळं आवरलं. तिचं दूध आता थोडंच आहे, ते चहाला आणि देवाला.

एक सून

*

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. उद्या पहाटेपासून निरसं दूध बंद. म्हशीचं, गाईचं, शेळीचं, घरचं, शेजारचं, कुठलंही. तेच दूध चांगली उकळी आणून पी, पेलाभर पी, दोन पेले पी, माझी काही हरकत नाही. आणि आजवर पोटात गेलेल्या दुधानं बाळाला इजा झालीच असेल असं धरून रात्री जागू नकोस. निरसं दूध पिणाऱ्या बहुतेक जणींना काही होत नाही. थोड्या जणींना होतं, आणि झालं तर फार वाईट होतं. त्या थोड्या जणी कोणत्या, हे दुधाकडं बघून कुणालाही सांगता येत नाही, म्हणून सरसकट नको म्हणायचं.

पण तुझ्या पत्रात माझी नजर अडकली ती शेवटच्या चार ओळींवर. जर्सीनं गाभ टाकला, हे तू जाता जाता लिहिलंस. मला तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गाईनं गाभ टाकायला कारणं बरीच असतात. घसरून पडली, दुसऱ्या जनावरानं पोटात शिंग मारलं, बुरशी आलेला चारा खाल्ला, कडक ताप भरला. घरात यातलंच एखादं धरून विषय संपवतात, नाहीतर कुणाची तरी दृष्ट लागलेली असते. पण पाचव्या महिन्यानंतर गाभ गेला, तर जनावरांच्या डॉक्टरांना पहिल्यांदा जे आजार तपासावेसे वाटतात त्यात ब्रुसेलोसिस वरच्या जागी असतो. सरकारी पत्रकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. ब्रुसेला नावाचा जंतू गाभण जनावराच्या वारेत बेसुमार वाढतो. गाभ पडला की वार, अंगावरून गेलेलं पाणी, मेलेलं वासरू, खालचा भिजलेला चारा, सगळ्यात तो असतो. आणि एक गोष्ट भल्याभल्या शेतकऱ्यांच्या पचनी पडत नाही. गाय त्यानंतर ठणठणीत दिसते. खाते, रवंथ करते, पुढच्या वेताला बहुधा नीट वितेसुद्धा. जंतू मात्र तिच्या कासेत मुक्काम ठोकतो आणि दुधातून येत राहतो, कधी कधी ती जगेल तोवर. त्या दुधाला वास येत नाही, रंग बदलत नाही, ते नासत नाही.

तुझी जर्सी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कुणीच म्हणू नये. पण "सगळं आवरलं" याचा अर्थ मला कळतो. उघड्या हातांनी वार उचलली, गोठा धुतला, खराटा मारताना पाणी अंगावर उडालं. हा जंतू माणसाला दुधातून लागतो तसाच हातावरच्या चिरांतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, श्वासातूनही लागतो. तेव्हा तू जेमतेम तिसऱ्या महिन्यात होतीस. म्हणजे तुझ्या बाबतीत नुसत्या पहाटेच्या पेल्याचा हिशेब करून भागणार नाही.

म्हणून या आठवड्यातच दवाखान्यात जा आणि टेबलासमोर बसल्या बसल्या हे एक वाक्य सांग: "मॅडम, मी अडीच महिने निरसं दूध प्यायले, आणि दोन महिन्यांपूर्वी आमच्या गाईनं गाभ टाकला तेव्हा मी हातानं वार उचलली." लाजायचं काय त्यात? आम्ही डॉक्टर लोक वजन विचारतो, रक्तदाब बघतो, गोळ्या घेतेस का विचारतो. घरात गाय आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलं नाही तर कळणार कसं? रक्ताची तपासणी करायची की नाही, कुठली करायची, परत कधी करायची, हे त्या ठरवतील. जाताना सासूबाईंनाही सोबत ने. त्यांचा हात तर रोज त्या कासेला असतो. गुडघे दुखतात, कंबर धरते, संध्याकाळी कणकण वाटते, हे त्या वयावर ढकलत असतील तर एकदा रक्त तपासलेलं बरं.

तुला स्वतःला कशावर लक्ष ठेवायचं ते सांगते. ब्रुसेलाचा ताप एकदम चढून उतरून मोकळा होत नाही. दोन दिवस बरं वाटतं, परत येतो. रात्री घामानं अंगावरचा कपडा भिजतो, सांधे आणि पाठ दुखते, अन्नावरची वासना उडते, अंगात जीव राहत नाही. लागण झाल्यापासून दोन-चार आठवड्यांत दिसतो, पण काही महिन्यांनीही डोकं वर काढू शकतो. आपल्याकडं अशा तापाला बहुतेक वेळा टायफॉइड ठरवतात, विडाल तपासणी होते, सलाईन लागतं, ताप तात्पुरता उतरतो आणि महिन्याभरानं परत तेच. गरोदरपणात हा ताप अंगावर काढला तर गर्भपाताचा आणि दिवस भरायच्या आत कळा येण्याचा धोका असतो. वेळेवर सापडला तर औषध आहे. मात्र इतर रोग्यांना जे नेहमीचं औषध देतात ते गरोदर बाईला टाळतात, दुसरं निवडावं लागतं. तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत.

आता जर्सी. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, नाहीतर १९६२ या टोल फ्री नंबरावर फोन करा. "गाईनं सातव्या महिन्यात गाभ टाकला, ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासायचंय" असं नेमकं बोला, म्हणजे काम लवकर होतं. तिच्याबरोबर म्हशींचंही रक्त द्या. ती त्याच गोठ्यात, त्याच दावणीला आहे ना? मग "जर्सीचं मला देत नाहीत" यात जो दिलासा तुला वाटतोय तो फार धरू नकोस. अहवाल येईपर्यंत तिच्या बाजूचं शेणघाण तू काढायचं नाहीस. पुढं कधी घरात जनावर विणार असेल किंवा गाभ टाकेल, तेव्हा तू तिथं थांबायचं नाहीस. जो आवरेल त्यानं हातमोजे घालायचे, तोंडाला फडकं बांधायचं, वार खोल पुरून वर चुना टाकायचा. उकिरड्यावर टाकली की कुत्री ओढत नेतात आणि तिथून पुढं सगळ्या गल्लीचा प्रश्न होतो. घरात कालवड किंवा रेडी असेल तर चार ते आठ महिने वयात तिला या आजाराची लस टोचता येते, जन्मात एकदाच. २०१९ पासून केंद्र सरकारचा लाळ-खुरकत आणि ब्रुसेलोसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यातून ती फुकट मिळते. कधी टोचणार ते दवाखान्यात विचारून घ्या.

जर्सी साफ निघाली, तिन्ही म्हशी साफ निघाल्या, तर मग प्यायचं का निरसं दूध? तरीही नाही. त्याचं कारण दुसरा एक जंतू, लिस्टेरिया. हा मातीत असतो, शेणात असतो, नीट न मुरलेल्या, हवा लागलेल्या मुरघासात, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात, तर हमखास वाढतो. आपल्या भागात आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांतला मुरघास घरोघरी झालाय, म्हणून मुद्दाम सांगते. बाकीचे बरेच जंतू फ्रिजमध्ये थंडावतात, हा तिथंही हळूहळू वाढत राहतो. धडधाकट माणसाला हा सहसा त्रास देत नाही. पण पोटातलं बाळ शरीरानं परकं मानू नये म्हणून गरोदरपणात बाईची प्रतिकारशक्ती थोडी नमती घेते, आणि नेमका त्याचा फायदा हा जंतू उठवतो. इतरांच्या मानानं गरोदर बाईला याची लागण होण्याचा धोका सुमारे दहापट. वार ओलांडून तो बाळापर्यंत जातो. आईला फार तर थोडा ताप, अंगदुखी, थंडी वाजते, घरचे म्हणतात हवा बदलली. बाळ मात्र पोटात दगावू शकतं, किंवा जन्मतः गंभीर आजारी असतं. खाल्ल्या-प्यायल्यापासून दोन महिन्यांपर्यंत कधीही हे दिसू शकतं.

१९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात एका प्रकारच्या मऊ, ताज्या चीजमधून ही साथ आली होती. कारखान्यात पाश्चराइज केलेल्या दुधात कच्चं दूध मिसळलं जात असावं, असं तपासात दिसलं. १४२ जण आजारी पडले, त्यातल्या ९३ केसेस गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांच्या. वीस बाळं पोटातच गेली, दहा जन्मल्यावर. एवढं वाचून कुणी मला म्हणेल, ताई, पाचव्या महिन्यातल्या पोरीला असलं कशाला सांगता? सांगते, कारण "काही होत नाही गं" हे वाक्य तू घरात रोज ऐकतेस. त्याच्या समोर ठेवायला तुझ्याकडं काहीतरी ठोस पाहिजे.

क्षयाचे जंतू, टायफॉइडच्या जातकुळीतले, जुलाबाचे, शेळीच्या दुधातून येणारा टोक्सोप्लाझ्मा, यांची यादी लांबवत नाही. सगळ्यांवर इलाज एकच, उकळी.

आता घरातले मुद्दे एकेक घेऊ.

"घरची म्हैस, स्वच्छ दूध." तुझ्या सासूबाईंचा हात स्वच्छ असेल, शंका नाही. पण पहाटेचा गोठा डोळ्यापुढं आण. म्हैस रात्रभर ज्यात बसली ते शेण कासेवर वाळून चिकटलेलं. तांब्याभर पाणी मारून सड धुतले, ते पाणी मांडीवरून, कासेवरून ओघळत सडाच्या टोकाशी येऊन थेंब धरून राहिलं. पान्हा सुटावा म्हणून रेडकानं दोन घुटके घेतले, त्याची लाळ तिथंच. पहिल्या धारा बादलीत पडल्या, तेवढ्यात डास चावला म्हणून म्हशीनं शेपूट फटकारलं. ते शेपूट कशात बुडालेलं होतं हे तुला सांगायला नको. मग तेच दूध सुती फडक्यातून गाळलं; फडक्यानं केस अडतो, गवताची काडी अडते. जंतू अडत नाही. आणि सडाला दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेली असेल तर सुरुवातीला दूध नेहमीसारखंच दिसतं, गाठी पुढं येतात. यात सासूबाईंची चूक काही नाही. जगातला सगळ्यात नीटनेटका गोठासुद्धा गोठाच असतो.

"डेअरीत फॅट साडेसात लागते." तुझ्या मालकांना सांग, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ही दुधाचा दर ठरवायची मापं आहेत. यंत्र स्निग्धांश मोजतं, पाणी घातलं का ते सांगतं. जंतू किती, कुठले, ते त्या कट्ट्यावर कुणी मोजत नाही. म्हणून तर गावातून गोळा झालेलं दूध संघात गेल्यावर पाश्चराइज होतं, ७२ अंशांवर १५ सेकंद, किंवा जुन्या पद्धतीनं ६३ अंशांवर अर्धा तास. तुमचं चांगल्या फॅटचं दूधही त्यातूनच जातं. कोल्हापूरकर हेच दूध पिशवीतून घेऊन परत एकदा उकळतात, आणि तू, जिला खरी गरज, ती एकटी निरसं पितेस.

"आमची सहा बाळंतपणं." आजेसासूबाईंशी वाद घालू नकोस. एखाद्या दुपारी निवांत बसल्या असल्या की विचार, त्यांच्या जावांची, बहिणींची, शेजारणींची किती पोटं अर्ध्यावर गेली, किती पोरं सव्वा महिन्याच्या आत गेली. त्या पिढीच्या बायकांना सगळं आठवतं. त्या काळी त्याचं कारण कुणी तपासलं नाही, नशिबाला बोल लावून मोकळे झाले. दूध प्यायल्यानं गेली असं मी म्हणत नाही. पण ज्यांचं सुखरूप झालं त्यांच्या आठवणीवरून सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही, एवढं त्यांनाही पटेल. त्यांच्या म्हणण्याला आधार नाही असंही नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत धारोष्ण दुधाला अमृताची उपमा दिलीय. कच्चं दूध पचायला जड आणि तापवलेलं हलकं, हेसुद्धा तिथंच लिहिलंय. ते लिहिलं गेलं तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हते, त्यामुळं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं धारोष्ण दुधाचा मान मोठा आहे, हे मला कुणी शिकवायला नको. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून पेला हातात देतात, तालमीतले पैलवान तो उभ्या उभ्या रिचवतात. भेसळ नको म्हणून समोर धार काढून घ्यायची, ही त्यामागची साधी व्यवहारबुद्धी. माल्टा नावाच्या युरोपातल्या बेटावर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अगदी असंच चालायचं. शेळ्यांचा कळप दारोदार फिरायचा आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यात तिथंच धार काढून द्यायचे. त्याच बेटावर ब्रिटिश शिपायांना एक चिवट ताप यायचा, महिनोन् महिने सरायचा नाही. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं त्याचा जंतू शोधला. ब्रुसेला हे नाव त्याच्यावरूनच पडलं. पण हा जंतू येतो कुठून, हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टॉक्लीस झामिट या डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा वरून तब्येतीत दिसणाऱ्या शेळ्या आतून बाधित निघाल्या. पुढच्या वर्षी सैन्यात शेळीचं दूध बंद केलं आणि शिपायांमधला ताप झपाट्यानं उतरला. समोर काढलेलं दूध शुद्ध होतं, त्यात भेसळ नव्हती. तरी ताप त्यातूनच येत होता.

पुण्याच्या नणंदबाईंचं फार मनावर घेऊ नकोस. परदेशात हे एक फॅड निघालंय. त्याच अमेरिकेत २०२४ साली दुभत्या गाईंना बर्ड फ्लू झाला, कच्च्या दुधात त्याचे जिवंत विषाणू सापडले आणि तिथलं सरकार कच्चं दूध पिऊ नका म्हणून लोकांना सांगत होतं. तो व्हिडिओ कुणी पाठवत नाही. तसंच "ए टू दूध आहे, त्याला काही होत नाही" असंही कुणी म्हणेल. ए टू हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार. जंतूंना त्याचं काही सोयरसुतक नाही.

उकळल्यानं दुधातला कस जातो का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण घरात निघणार. थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, बी वर्गातली आणि सी. सी साठी तसंही कुणी दूध पीत नाही, त्याला लिंबू, पेरू, आवळा आहे. फोलिक अॅसिड तुला गोळीतून मिळतंच आहे. बाळाच्या हाडांना लागणारं कॅल्शियम आणि प्रथिनं उकळीनं कुठं जात नाहीत. म्हशीच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं आणि गरोदर बाईला दिवसाला १००० मिलीग्रॅम लागतं. दोन पेले उकळलेलं दूध आणि जेवणात दही-ताक झालं की निम्म्याच्या आसपास गेलीसच, बाकीचं नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि दवाखान्यातली गोळी भरून काढते. फक्त लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नकोस. कॅल्शियमची आणि लोहाची गोळीही एकत्र नको. मध्ये दोन तास जाऊ देत, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

उकळायचं कसं, हे तुला शिकवायची गरज नाही, पण घाईत काय होतं ते माहितीय. कडेनं फेस आला, दूध वर आलं की गॅस बंद. मोठ्या पातेल्यात त्या वेळी वरची साय तापलेली असते आणि मधलं दूध मागं असू शकतं. पळी फिरवत रहा, उकळी आली की बारीक आचेवर आणखी दोन-तीन मिनिटं ठेव. नुसतं कोमट केलेलं चालणार नाही. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववलं आणि झाकून फ्रिजमध्ये टाकलं की झालं. इथं सगळ्या घरांत एक चूक होते. निरशा दुधाची बादली, तेच गाळायचं फडकं, तोच लोटा उकळलेल्या दुधात परत बुडतो, किंवा संध्याकाळचं निरसं दूध सकाळच्या तापवलेल्यात ओततात. मग उकळलं काय आणि न उकळलं काय. तुझ्या वाटचं दूध वेगळ्या पातेल्यात तापव, लोटा वेगळा ठेव.

दूध पेल्यातूनच पोटात जातं असंही नाही. तू लिहिलंस, जर्सीचं दूध चहाला आणि देवाला. चहात ते उकळतं, त्याची काळजी नाही. देवाचं मात्र बघ. पंचामृतात निरसं दूध घालायची पद्धत आहे आणि तीर्थ म्हणून ते तळहातावर येतं. सातव्यात डोहाळजेवण होईल, त्याच्या आगंमागं सत्यनारायण असेल. सासूबाईंना आधीच सांगून ठेव, पंचामृताला उकळून गार केलेलं दूध घ्यायचं. अभिषेकाला पाहिजे तर निरसं वापरा, ते तीर्थ तुला नको. म्हैस व्याली की चीक येईल. त्याचा खरवस मध्यापर्यंत घट्ट होईपर्यंत वाफवलेला असेल तर बिनधास्त खा, कच्चा चीक चाखू नकोस. दही-ताक उकळलेल्या दुधाला विरजण लावून केलेलं असावं, नुसतं आंबल्यानं जंतू मरतात यावर विसंबू नये. निरशा सायीचं लोणी नको, कढवलेल्या तुपाला काही हरकत नाही. जत्रेतली कुल्फी, गाड्यावरची लस्सी, रसवंतीशेजारचं मिल्कशेक, यांत दूध उकळलेलं होतं का हे कुणी सांगू शकत नाही, तेव्हा हे नऊ महिने राहू दे.

घरात बोलायचं कसं? फोनवर वाचलं म्हणून सांगू नकोस. फोनवर काय वाट्टेल ते येतं, असं म्हणून ते उडवून लावतील, आणि त्यात त्यांची फार चूकही नाही. दवाखान्यात सासूबाईंना घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर पडू दे. पेला नाकारू नकोस, पेला घे आणि चुलीवर ठेव. "आत्या, तुम्ही काढलेलं दूधच पिते, एवढी उकळी आणून पिते" असं म्हटलं की त्यांच्या मायेचा अपमान होत नाही आणि तुझंही काम होतं. आजेसासूबाईंना वाटलं तर त्यात सुंठ, वेलदोडा टाकून दे म्हणावं. मालकांशी मात्र स्पष्ट बोल. जर्सीच्या रक्ताचा नमुना द्यायला धावपळ त्यांनाच करायची आहे, आणि त्यासाठी त्यांना कारण नीट समजलेलं पाहिजे.

मध्येच ताप आला, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, पोटात कळ आली किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ आणि दूध, गाय, वार हे तिघंही परत सांग. रात्रपाळीला असतात ते डॉक्टर वेगळे असतात.

आणि शेवटचं, मालकांसाठी. जर्सीचा अहवाल वाईट आला तर घरात कुणीतरी म्हणेल, आठवड्याच्या बाजारात नेऊन विकून टाकू, तोटा तरी कमी होईल. हे बहुतेक ठिकाणी असंच होतं, म्हणूनच हा आजार एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरत राहतो. ती जिथं जाईल तिथंही धारेला कुणाची तरी सासू बसणार आहे आणि पहिला पेला कुणाच्या तरी सुनेचा असणार आहे. तिला वेगळं बांधा, दूध उकळल्याशिवाय घराबाहेर देऊ नका, आणि पुढं काय करायचं ते पशुवैद्यकांना विचारून ठरवा.

अहवाल आला की कळव.